औषध घेतले, पण योग्य रीतीने घेतले काय?

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि रुग्णाने औषध आणले, म्हणजे उपचार झाला असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः उपचाराचा महत्त्वाचा भाग त्यानंतर रुग्णाच्या घरी सुरू होतो. विकसित देशांतदेखील दीर्घकालीन आजारांचे सुमारे ५० टक्केच रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नमूद केले आहे. ही उणीव भरून काढण्यात गावातील औषध-दुकानाचा उपयोग कसा होईल, या दृष्टीने इंग्लंडमधील एक योजना अभ्यासण्यासारखी आहे.

योजनेचे स्वरूप

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २००५ साली औषध-दुकानांशी केलेल्या नव्या करारात ‘औषध-वापर आढावा’ या सेवेचा समावेश केला. प्रशिक्षित फार्मासिस्ट रुग्णाला इतरांना बोलणे ऐकू जाणार नाही अशा जागी बसवून विचारपूस करी. कोणते औषध कशासाठी आहे, ते केव्हा घेतले जाते, मात्रा चुकते काय, काही त्रास होतो काय, हे तो समजून घेई. डॉक्टरांची औषधयोजना बदलणे हा यामागील हेतू नव्हता. गंभीर अडचण आढळल्यास ती डॉक्टरांना कळविली जाई.

आढाव्यात काय पाहावे?

रक्तदाबाचा रुग्ण बरे वाटू लागताच गोळ्या थांबवितो. परंतु रक्तदाब वाढला तरी बहुधा कोणतेही लक्षण जाणवत नाही. दम्याचा रुग्ण फवारा तोंडात मारतो, पण त्याच वेळी श्वास आत ओढत नाही. त्यामुळे औषध फुप्फुसापर्यंत पोहोचतच नाही. रक्त पातळ करणारे औषध चालू असता अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल दोन निराळ्या नावांनी घेतले गेल्यास मात्रा नकळत दुप्पट होते. या चुका तपासणीच्या यंत्रात दिसत नाहीत. आपुलकीने विचारल्यासच त्या समजतात.

मर्यादा आणि बोध

प्रत्येक आढाव्यामागे दुकानास ठराविक शुल्क मिळे व वर्षाला ४०० आढाव्यांची कमाल मर्यादा होती. त्यामुळे गुणवत्तेपेक्षा संख्या गाठण्याकडे कल होतो, अशी टीका झाली. २०२१ च्या मार्चअखेर ही सेवा बंद करण्यात आली. कुटुंब-डॉक्टरांच्या केंद्रांशी संलग्न फार्मासिस्टांनी करावयाच्या अधिक सखोल आढाव्यावर तेथे भर देण्यात आला. कामाचे मोजमाप केवळ आकड्यांनी करू नये, हा धडा कोणत्याही शासकीय योजनेस लागू पडतो.

आपल्याकडे काय करता येईल?

भारतात औषध-व्यवसाय विनियम, २०१५ अन्वये रुग्णाला समुपदेशन करणे ही नोंदणीकृत फार्मासिस्टची जबाबदारी ठरविण्यात आली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधनिर्माण अधिकाऱ्यांनी मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांना घरातील सर्व औषधे, काढे व चूर्णेसुद्धा, एका पिशवीत घालून आणण्यास सांगावे आणि एकेकाची चौकशी करावी. ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामसभेत याची माहिती द्यावी. ज्या घरी चिठ्ठी वाचणारे कोणी नाही, तेथे शिक्षकांनी गोळ्यांच्या वेळा सूर्य-चंद्राच्या खुणांनी लिहून देण्यास विद्यार्थ्यांना शिकवावे. मात्र त्या वेळा औषधनिर्माण अधिकाऱ्यांकडून तपासून घ्याव्यात. यासाठी मोठा खर्च लागत नाही. लागतो तो थोडा वेळ आणि रुग्णाचे ऐकून घेण्याची तयारी.