फोटो दाखव, फाइल देऊ नकोस

बाळा, आता तू लग्ना-मुंजीच्या ऑर्डरी घ्यायला लागलीस, पहाटे नॅशनल पार्कात जाऊन पक्षी टिपतेस आणि संध्याकाळी ते इन्स्टाग्रामवर टाकतेस. टाकायलाच हवेत. मुलुंड असो की अंधेरी, आज गिऱ्हाईक आधी मोबाइलवर काम बघतं आणि मग फोन करतं. मामा म्हणून एवढंच सांगतो, जगाला दाखवायची प्रत वेगळी आणि छापायची फाइल वेगळी. छापायची फाइल लेखी करार आणि पैसे झाल्याशिवाय घराबाहेर जाता कामा नये.

आधी पिक्सेलचं गणित समजून घे. पुष्कळ मुलं फाइलमध्ये 300 चं 72 डीपीआय करतात आणि आता कोणी छापू शकणार नाही म्हणून निर्धास्त होतात. त्या आकड्याने काहीच होत नाही. 6000 बाय 4000 पिक्सेलची फाइल 72 लिहूनसुद्धा 12 बाय 18 इंचावर लख्ख छापली जाते. कमी करायचे ते पिक्सेल. लांब बाजू हजाराच्या आसपास ठेव. फोनवर फोटो छान दिसेल, पण कोणी ए-फोर आकारात छापायला गेला तर इंचाला जेमतेम 85 पिक्सेल येतील आणि केस, पापण्या विरघळल्यासारख्या दिसतील.

अल्बम आणि फ्रेमपुरतं हे ठीक. आपल्या उपनगरांत मला खरी धास्ती वाटते ती फ्लेक्सची. दहीहंडी, गणपती, नवरात्र आलं की बोरिवली-घाटकोपरचे नाके फलकांनी भरतात, आणि फलक रस्त्याच्या पलीकडून बघायचा असतो. पाच फुटी फ्लेक्सवर तुझे हजार पिक्सेल इंचाला सोळा-सतराच पडतात, तरी लांबून खपून जातं. त्यात आता फोटो मोठा करून देणारी एआयची साधनं हातात आली आहेत. म्हणून मूर्तीचे, गरब्याचे, मिरवणुकीचे फोटो वॉटरमार्कशिवाय टाकूच नकोस. कोपऱ्यातलं नाव एका कापात जातं. नाव फिकट ठेव, पण जिथे बारीक काम आहे तिथून ने, म्हणजे दागिन्यांवरून, जरीवरून, पानांवरून. मोकळ्या आभाळावरचं नाव सहज पुसता येतं, पैठणीच्या काठावरचं पुसायला गेलं की काठ बिघडतो. वेबसाइटवर राइट क्लिक बंद करून घेण्यात मात्र पैसे घालवू नकोस, स्क्रीनशॉट तरीही घेता येतो.

“ताई, डॉक्युमेंट म्हणून पाठवा ना, क्वालिटी जाते,” असं व्हॉट्सअॅपवर कोणी म्हणालं की थांब. फोटो म्हणून पाठवलेली प्रत लहान होते, डॉक्युमेंट म्हणून अख्खी मूळ फाइल जाते. कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये जीपीएस चालू असेल तर जागेची नोंदही तिच्याबरोबर जाते. कोणाच्या घरच्या बारशाचे फोटो असतील तर तो त्या घराचा पत्ताच झाला. लग्नाच्या सिलेक्शनलाही हेच. पेनड्राइव्हवर मूळ फाइली न देता नंबर टाकलेल्या, वॉटरमार्कच्या लहान प्रती दे. त्यांनी नंबर कळवायचे, अल्बम लॅबमधून तू काढायचा.

आता कायदा. फोटो काढला की हक्क आपोआप तयार होतो, नोंदणीची सक्ती नाही. पण तो हक्क नेहमी तुझाच असतो असं धरून चालू नकोस. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे लग्नाचे फोटो तू काढलेस, तरी हक्क गिऱ्हाइकाचा. हक्क कोणाचा, तुला स्वतःच्या पानावर किती फोटो टाकता येतील, हे ऑर्डर घेतानाच कागदावर लिहून सही घे. छायाचित्रकार नयन खानोलकरांनी आरे कॉलनीतल्या बोळात टिपलेला बिबट्या 2016 मध्ये लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागात पहिला आला. स्वतःच्या मनाने, स्वतःच्या कष्टाने काढलेल्या अशा फोटोंची गोष्ट वेगळी, ते सर्वस्वी काढणाऱ्याचे.

आणि फोटोतल्या माणसालाही विचार. 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या एका महिलेची याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. ओळखीच्या छायाचित्रकाराने काढलेला तिचा फोटो शटरस्टॉक या फोटो विकणाऱ्या वेबसाइटवर गेला आणि परवानगीशिवाय सरकारी जाहिरातींत वापरला गेला, अशी तिची तक्रार होती. हक्क तुझा असला तरी चेहरा तिचा आहे, हे कधी विसरू नकोस.

इतकं करूनही तुझा फोटो कुठल्या फलकावर दिसलाच, तर जागा ओळखू येईल असा त्याचा फोटो आधी काढून ठेव आणि मग बोलायला जा. मंडळाच्या पोरांशी शांतपणे बोल, पैसे आणि नाव दोन्ही माग. नाहीच ऐकलं, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र ठरवला, त्यामुळे पोलीस थेट तक्रार नोंदवू शकतात.

तिथे लागेल तो पुरावा. चोराकडे एकच फ्रेम असते, तुझ्याकडे तिच्या आधीच्या आणि नंतरच्याही असतात. म्हणून जागा मोकळी करण्यासाठी त्या उडवू नकोस, रॉ फाइलींसकट ठेव, आणि दोन ठिकाणी ठेव. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तळमजल्यावरची दुकानं पाण्याखाली गेली. तुझी दुसरी हार्ड डिस्क दुसऱ्या घरात, वरच्या मजल्यावर असू दे.