मध, गूळ आणि सूनबाई

जांबोटीचा मध आणलास, गुळाची ढेप आणलीस, बरं केलंस पोरी. आता फळीवर ठेवण्याआधी माझं थोडं ऐक. फळात आणि मधात असते ती फलशर्करा फार हावरी आणि नाजूक.

१. मधाचं झाकण घट्ट लाव, आपल्याकडच्या पावसात तर दोनदा बघ — फलशर्करा हवेतली ओल ओढते, आणि पाणी शंभरात २०च्या पुढे गेलं की मध आंबतो. ओला चमचा, आंबट मध.

२. थंडीत मध थिजला म्हणून दुकानदाराशी भांडू नकोस — खडे धरतं ते ग्लुकोज, फलशर्करा पातळच राहते. शेजारीण ‘भेसळ’ म्हणाली तर मान हलव आणि घरी ये.

३. थिजलेली बाटली कोमट पाण्यात ठेव, गॅसवर नको — तापली की फलशर्करा लवकर काळवंडते, वासही उडतो.

४. वर्षाच्या आतल्या लेकराला मधाचं बोट नाही, माझ्या सासूबाईंनी डोळे वटारले तरी — मधात कधी एका जंतूचं बी असतं, ते तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष करतं.

५. ऊस तोडला की लगेच गुऱ्हाळ गाठायला सांग — पडून राहिला की त्यातली साखर फुटून ग्लुकोज आणि फलशर्करा वेगळी होते, मग रस कितीही आटवा, ढेप धड धरत नाही. शिळा ऊस, रडका गूळ.

६. गुलाबजामच्या पाकात लिंबाचे दोन थेंब टाक — आंबटानं साखर तशीच फुटते आणि पाकात खडे होत नाहीत. वडीच्या पाकात मात्र हात आखड, ती बसायला हवी ना!

७. फळ चावून खा — चोथ्याबरोबर गोड हळू उतरतं. तीन संत्री खायला वेळ लागतो, त्यांच्या रसाचा पेला रिकामा करायला नाही.

८. ‘मध नैसर्गिक आहे’ म्हणत तुझे मामंजी चमचा पुढे करतील, देऊ नकोस — मधात शंभरात तीसेक भाग ग्लुकोज असतं, त्यांची साखर चढतेच. आणि फलशर्करा फार झाली की यकृत तिची चरबी करतं.

९. आंबे, कलिंगड एका बैठकीत हाणू नका — आतड्याला एका वेळी ठरावीकच फलशर्करा झेपते, उरलेली रात्रभर पोटात गुरगुरते.

१०. आमरस आधी गार कर, चाख, मगच साखरेचा डबा उघड — गार झाली की फलशर्करा जास्त गोड लागते, बहुतेक वेळा डबा तसाच परत जातो.