ओटू सेन्सर बदलण्याआधी

बाबू, घाटंजीला तू शटर घेतलंस, स्कॅनर घेतलास, दोन पोरं हाताखाली ठेवलीस. आता मोठ्या बाबाचं थोडं ऐकून घे. स्कॅनर तुला माझ्याहून चांगला चालवता येतो, ते मी मान्य करतो. पण पडद्यावर ओटू सेन्सरचं नाव दिसलं की तू लगेच यवतमाळला पार्टच्या दुकानात फोन लावतोस. ही सवय मोड. गिऱ्हाईक दोन-चार हजारांचा सेन्सर बसवून जातं आणि आठ दिवसांत परत येऊन म्हणतं, "मिस्त्री, लाइट पुन्हा लागला नं भाऊ!" मग त्याला काय सांगशील?

हा सेन्सर पेट्रोल मोजतच नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसव. तो सायलेन्सरच्या धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो, दुसरं काही नाही. झिर्कोनियाची बोंडी एका बाजूने धुरात आणि दुसऱ्या बाजूने बाहेरच्या हवेत असते. ३०० अंशांच्या वर तापली की दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकावर ती व्होल्टेज काढते. धुरात ऑक्सिजन उरला नाही, म्हणजे मिक्श्चर रिच, तर ०.९ च्या आसपास. ऑक्सिजन उरला, म्हणजे लीन, तर ०.१. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा मिळाली तर मधला आकडा, ०.४५. बॉशचा हा सेन्सर १९७६ मध्ये पहिल्यांदा व्हॉल्व्होच्या गाडीत लागला. आपल्याकडे शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये. शिशाने हा सेन्सर मरतो, त्यामुळे आपल्या गल्लीत तो त्यानंतरच खऱ्या अर्थाने आला. मी तोवर कार्बोरेटरचे जेट साफ करत होतो.

तो फक्त ऑक्सिजन मोजतो, एवढ्या एका गोष्टीतून निम्मी कोडी सुटतात. समज, एक प्लग मिसिंग करतोय. त्या सिलिंडरमधलं पेट्रोल जळलं नाही, तशी हवाही जळली नाही. सायलेन्सरला पेट्रोलचा भपकारा येतोय, नाकाला कळतंय की गाडी रिच आहे, आणि स्कॅनर म्हणतो पी ०१७१, लीन! कारण न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला दिसला. ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, त्याचं ऐकून आणखी पेट्रोल सोडतो आणि गोंधळ वाढतो. इथे सेन्सर खोटं बोललेला नाही. साक्षीदाराने खरं सांगितलं म्हणून त्यालाच कोठडीत टाकण्यात काय अर्थ आहे? आधी प्लग काढ, कॉइल अदलाबदल करून बघ.

दुसरी फसवणूक मेनिफोल्डच्या पॅकिंगची. सेन्सरच्या आधी कुठे पॅकिंग उडालं असेल, चीर असेल, तर धुराच्या दोन धक्क्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर पुन्हा लीन म्हणतो. सकाळी थंड इंजिन चालू करून कान दे. टिक-टिक असा आवाज येतो आणि इंजिन तापलं की कमी होतो. लोखंड फुगून चीर मिटते, म्हणून दुपारी आलेल्या गाडीत तो सापडत नाही. अशी गाडी रात्रभर ठेवून घे.

स्कॅनर लावण्याआधी गिऱ्हाइकाला बोलतं कर. लाइट कधी लागला, त्याच्या आधी गाडी कुठे गेली होती, कुणी हात लावला होता का. आपल्याकडे गाडी पांदण रस्त्याने जाते, वावरात उतरते. पऱ्हाटीचे खुंट खालून घासतात आणि कन्व्हर्टरमागच्या सेन्सरची वायर ओरबाडतात. आणि उंदीर! सोयाबीनच्या गंजीजवळ, कापसाच्या खोलीजवळ गाडी आठ दिवस उभी राहिली की उंदरांनी वायरिंगची साल काढलीच म्हणून समज. म्हणून टॉर्च घेऊन आधी खाली झोप. कपलरमध्ये हिरवट बुरशी आहे का, वायर सायलेन्सरला चिकटून वितळली आहे का, सेन्सर तापवणाऱ्या हीटरचा फ्यूज उडाला आहे का. पी ०१३५ हा हीटरच्या सर्किटचा कोड आहे. त्यात फ्यूज आणि वायर पाहिल्याशिवाय सेन्सरला हात लावू नको. कपलर काढून हीटरच्या दोन पिनांमध्ये ओम मोज. गाडीगणिक आकडा वेगळा, पण थोडे ओम यायलाच हवेत; मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला. सिग्नलच्या पिनेला मात्र ओमवर मीटर कधीही लावायचा नाही, सेन्सर खराब होऊ शकतो.

आता फ्यूएल ट्रिम. कोडपेक्षा मी याला जास्त मानतो. शॉर्ट टर्म म्हणजे ईसीएमची या घडीची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे त्याने मनाशी ठरवून टाकलेली. प्लस म्हणजे तो पेट्रोल वाढवतोय, मायनस म्हणजे कापतोय. दोन्हींची बेरीज पाच टक्क्यांच्या आत असेल तर गाडी निरोगी. दहाच्या वर गेली की शोध सुरू कर. लाइट लागायची वाट बघू नको, तो बहुतेक गाड्यांत वीस-पंचवीसला लागतो. आकडा एकदा आयडलिंगला बघ, एकदा २५०० आरपीएमला, आणि एकदा पोराला गाडी चालवायला लावून चढावर बघ. आयडलिंगला ठीक, पण लोडवर प्लस वाढत जातो तर पेट्रोल पुरत नाहीये: पंप थकला असेल, फिल्टर चोंदला असेल. प्रेशर गेज लाव. साध्या एमपीएफआय गाडीत साधारण ३ बारच्या आसपास प्रेशर हवं. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घे.

आयडलिंगला प्लस आणि रेस दिल्यावर नीट, तर कुठून तरी चोरटी हवा आत शिरतेय, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीला लागू. मारुतीच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅप सेन्सर असतो, तो मेनिफोल्डमधला दाब बघतो. तिथे होज फाटली की दाब वाढतो, ईसीएमला वाटतं लोड आला आणि तो स्वतःच पेट्रोल वाढवतो. मग लीनचा कोड न येता आयडलिंगच चढून बसतं. व्हिडिओ बघून शिकलेली पोरं इथे हमखास चुकतात.

तसंच एअर फिल्टरचं. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या फाटकावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या फिल्टरवर तूस गादीसारखी बसते, वणीकडच्या गाडीत कोळशाची काळी भुकटी. पण चोंदलेल्या फिल्टरने गाडी रिच होते, हे कार्बोरेटरच्या काळातलं ज्ञान आहे. मॅपवाल्या गाडीत हवा कमी तर पेट्रोलही कमी. फक्त पिकअप मरतो. फिल्टर बदल, पण रिचचं कारण सापडलं म्हणून पावती फाडू नको. रिचसाठी कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह बघ. टाकी फुल केल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देते, असं गिऱ्हाईक म्हणालं की संशय तिथेच. त्याचा कपलर काढ, इंजिन आयडलिंगला ठेव, टाकीकडची नळी काढून व्हॉल्व्हवर बोट लाव. ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह उघडाच राहिलाय, आणि मे महिन्यातल्या आपल्या ४४-४५ अंशांत टाकीतली सगळी वाफ इंजिन पितंय.

आता आपल्या विदर्भाचा खास रोग. उन्हाळ्यात गाडी हीट झाली की मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. मीही एके काळी ॲम्बॅसॅडर आणि जीपचे काढलेत, त्या गाड्यांना काही बिघडत नव्हतं. कॉम्प्युटरच्या गाडीला मात्र बिघडतं. पौषात पहाटे आर्णीहून निघालेली गाडी यवतमाळ येईपर्यंत साठ-पासष्ट अंशांच्या वर जात नाही. ईसीएमला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो जादा पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, सेन्सरवर काजळी बसते, आणि दोष सेन्सरच्या माथी. म्हणून रिचची तक्रार असेल तर आधी स्कॅनरवर पाण्याचं तापमान बघ. रात्रभर उभ्या गाडीत पाण्याचं आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. तफावत असेल तर दोनपैकी एक सेन्सर खोटा. गाडी चालवून आणल्यावर पाणी ऐंशीच्या वर जाऊन टिकलं पाहिजे. टिकत नसेल तर थर्मोस्टॅट आहे का ते घर उघडून बघ. नसेल तर नवा बसव आणि हीट होण्याचं मूळ कारण शोध: फॅन, रेडिएटर, कॅप.

पेट्रोलचंही बदललं. २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं येतं. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, म्हणून अशा पेट्रोलला एका किलोमागे साडेतेराच्या आसपासच हवा लागते. जुन्या गाडीचा ईसीएम पूर्वीच्या पेट्रोलवर बेतलेला, त्यामुळे तिथे लाँग टर्म प्लस पाच ते आठ दिसला तर घाबरू नको, सेन्सर आपलं काम करतोय. कार्बोरेटरच्या ऑम्नीला सांभाळून घेणारं कुणी नाही, ती लीनच चालते. पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं की इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसतं, मग गाडी झटके मारते. पेट्रोलात इथेनॉल किती आहे याचा संशय असेल तर मापाच्या काचेच्या नळीत ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलव, थोडा वेळ ठेव. वीस टक्क्यांच्या पेट्रोलात खालचा थर अठ्ठावीस मिलीच्या आसपास येतो. हे शटरच्या बाहेर, विडी-सिगारेटपासून लांब.

एवढं सगळं झाल्यावरच सेन्सरची परीक्षा. इंजिन तापव, लाइव्ह डेटात पुढचा सेन्सर लाव, २५०० आरपीएम धर. व्होल्टेज ०.१ आणि ०.९ च्या मध्ये नाचलं पाहिजे, सेकंदाला एकदा तरी. मग ॲक्सिलरेटर झटकन दाब, ०.८ च्या वर उडी मारायला हवी. आणि वरून एकदम सोड. उतरत्या रेसला ईसीएम पेट्रोल बंद करतो, सेन्सर शून्याजवळ यायला हवा. दोन्ही करतो तर तो जिवंत आहे. आळशासारखा सरकतो किंवा एकाच आकड्यावर बसून राहतो, तर म्हातारा झाला. काही गाड्यांत एअर-फ्यूएल सेन्सर येतो, तो करंटवर चालतो. त्याला हे आकडे लावू नको. मागचा सेन्सर मात्र नाचायला नको, तो ०.६-०.७ ला शांत बसतो. तोही पुढच्यासारखा नाचत असेल तर कन्व्हर्टर गेला, किंवा आतली जाळी कुणी तरी भंगारात विकली. तसलं काम आपल्या शटरमध्ये करायचं नाही, कितीही पैसे देवोत.

पीयूसीच्या यंत्राचाही उपयोग करून घे. भारत स्टेज ४ आणि पुढच्या गाडीचा लॅम्डा, म्हणजे मिळालेल्या आणि लागणाऱ्या हवेचं गुणोत्तर, वाढलेल्या रेसला ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. सीओ वर असेल तर रिच. सीओ कमी आणि एचसी फार वर तर मिसिंग. फक्त नळी सायलेन्सरमध्ये खरंच घातली का, ते स्वतः उभं राहून बघ.

काढलेल्या सेन्सरचं टोक नीट बघ. काळी काजळी म्हणजे रिच. पांढरा थर म्हणजे कुणी तरी साधा सिलिकॉन थापलाय किंवा हेड गॅस्केटमधून कूलंट जळतंय, आणि ते थांबवलं नाही तर नवाही तसाच मरेल. नवा बसवताना २२ चा चिरेचा सॉकेट वापर, धाग्यावर लावून आलेलं वंगण टोकाला लागू देऊ नको. कपलरवर गंजाचा स्प्रे मारायचा नाही, कारण बहुतेक सेन्सर वायरच्या आतूनच बाहेरची हवा घेतात. शक्यतो वायर कापून जोडही मारू नको. मग कोड पूस. जुनी ट्रिमही बहुतेक गाड्यांत त्याबरोबर पुसली जाते, म्हणून गाडी लगेच देऊन टाकू नको. यवतमाळपर्यंत चालवून ये, ईसीएमला नव्याने शिकू दे, आणि परत आल्यावर लाँग टर्मचा आकडा जॉब कार्डवर लिही.