धडा : सेवाग्रामच्या डॉक्टर सुशीला नायर

वाचकहो, जो वैद्य स्वतः शंभर रोगी बरे करितो, त्याची कीर्ती होते. परंतु जो आपल्यासारखे दुसरे वैद्य तयार करितो, त्याचे काम त्याच्या मागेही चालते. ह्याचा दाखला आपल्याच वर्धा जिल्ह्यात आहे.

१. एकटीची झुंज. सुशीलाबाईंचा जन्म १९१४ साली पंजाबात झाला. दिल्लीस वैद्यकी शिकून त्या १९३९ साली सेवाग्रामास आल्या. त्यांचे बंधू प्यारेलाल हे महात्मा गांधींचे चिटणीस होते. लवकरच वर्ध्यास पटकीची साथ आली. ही व्याधी दूषित पाण्यातून पसरते. अंगातले पाणी व मीठ निघून जाऊन धडधाकट मनुष्यही काही तासांत दगावतो. त्या साथीशी ही तरुण बाई जवळजवळ एकटीच झगडली. पण एका वैद्याने किती घरी पोहोचावे?

२. रुग्णालय. पुढे पुण्यास आगाखान राजवाड्यात त्या कस्तुरबांबरोबर बंदिवासात होत्या. तेथेच १९४४ साली कस्तुरबा निवर्तल्या. सुटकेनंतर सुशीलाबाईंनी सेवाग्रामात लहानसा दवाखाना घातला. १९४५ साली त्याचेच कस्तुरबा रुग्णालय झाले.

३. विद्यालय. अमेरिकेत त्या सार्वजनिक आरोग्याची विद्या शिकल्या, आणि १९६२ ते १९६७ पर्यंत भारताच्या आरोग्यमंत्री होत्या. शहरात शिकलेला डॉक्टर खेड्यात टिकत नाही, कारण त्याने खेडे पाहिलेलेच नसते. म्हणून १९६९ साली त्यांनी सेवाग्रामातच वैद्यकीय महाविद्यालय स्थापिले. खेड्यात उभारलेले ते देशातील पहिले होय. तेथील विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, आणि पंधरा दिवस त्या गावी राहून घरोघरची प्रकृती तपासते. परिचारिकांच्या शिक्षणाचीही तेथे सोय झाली.

४. गावाचा वाटा. ह्या रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी एक योजना काढली. सुगीत प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावी, आणि आजारात त्या बळावर उपचार घ्यावा. अशाने गरीबही मिंधा न होता हक्काने दारी जातो.

३ जानेवारी २००१ रोजी सुशीलाबाई वारल्या; विद्यालय चालूच आहे. तरी गावातूनच कोणी शिकावयास निघाल्यावाचून हे काम पुरे होत नाही.

विचारार्थ प्रश्न
१. आपल्या विहिरीचे पाणी स्वच्छ राखण्याचे काम कोणाकडे आहे?
२. रात्री कोणी अत्यवस्थ झाल्यास गावात प्रथम कोणाला हाक मारावी?
३. आपल्या मुलामुलींपैकी परिचारिकेचे वा डॉक्टरचे शिक्षण घेण्यास कोण योग्य आहे, आणि त्याच्या खर्चास गावाने काय द्यावे?