पंचतारांकित पर्यटन आणि किनाऱ्यावरील गाव

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन अस्तित्वात आला आणि १९९७ साली देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पुढील वर्षी कोकण रेल्वे पूर्ण झाली; ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. दळणवळण सुधारल्याने देवगड ते रेडी या सुमारे १२० किलोमीटरच्या किनाऱ्याकडे मोठ्या हॉटेल उद्योगाचे लक्ष वळावे, हे स्वाभाविकच होय.

अशा प्रकल्पांचे लाभ नाकारता येणार नाहीत. ग्रामपंचायतीला घरपट्टीचे उत्पन्न मिळते, भाजीपाला, मासळी व दुधाला जवळच गिऱ्हाईक लाभते आणि मुंबईची वाट धरणाऱ्या तरुणांना गावातच काम मिळू शकते. मात्र मोठ्या हॉटेलात प्रशिक्षित माणूसच घेतला जातो. प्रशिक्षणाची सोय अगोदर झाली नाही, तर स्थानिकांच्या वाट्याला बागकाम आणि झाडलोट एवढेच उरते. तारकर्ली-देवबाग परिसरात निवास व न्याहारीची सोय करणाऱ्या कुटुंबांचे उत्पन्न थेट घरात येते. ही तुलना धोरण ठरविताना दृष्टीआड होऊ नये.

मिठाच्या सत्याग्रहाने १९३० साली गाजलेल्या शिरोडे गावातील वेळागर येथे पंचतारांकित हॉटेलासाठी नव्वदच्या दशकात जमीन संपादित झाली. भूधारकांचा विरोध व न्यायालयीन वाद यांमुळे ती सुमारे तीन दशके पडून राहिली. २०२१ साली सुमारे ५४ हेक्टर क्षेत्र ९० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. ९० वर्षे म्हणजे गावाच्या तीन पिढ्या. तेव्हा करारात काय लिहिले जाते, याला असाधारण महत्त्व आहे.

सर्वांत नाजूक प्रश्न पाण्याचा. कोकणात पाऊस उदंड, पण जांभ्या दगडातून तो झपाट्याने वाहून जातो आणि एप्रिल-मे महिन्यांत, नेमक्या पर्यटकांच्या हंगामात, विहिरी तळ गाठतात. पुळणीच्या गावात तर गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भूजलशास्त्राच्या नियमाप्रमाणे गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली, की खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर सरकते. पोहण्याचे तलाव आणि हिरवळी यांसाठी कूपनलिकांतून उपसा झाला, तर शेजारची विहीर खारट होते. माडांनाही ते पाणी मानवत नाही. वाळूत जिरवलेले सांडपाणीही त्याच विहिरीत उतरते. म्हणून पाणी कोठून येणार आणि कोठे जाणार, हा प्रश्न ग्रामसभेने परवानगीपूर्वी विचारावयास हवा.

दुसरा प्रश्न समुद्राकडे जाणाऱ्या वाटेचा. गोव्यात दोनापावलाजवळील वायंगिणी किनाऱ्यावर सरकारने हॉटेलासाठी जमीन संपादित करून दिली, तेव्हा लोकांची वाट मोकळी ठेवण्याची अट १९८३ च्या करारात होती. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ साली वाटेच्या आड आलेले बांधकाम हटविण्याचा निर्णय लोकांच्या बाजूने झाला. पुढे राज्याने कायदा दुरुस्त करून ते बांधकाम वाचविले व २०१६ साली ती दुरुस्तीही वैध ठरली. करारातील अटीचे बळ आणि तिची मर्यादा, दोन्ही या एकाच प्रकरणात दिसतात.

रापण ओढणाऱ्यांना तर वाट पुरत नाही, मोकळी पुळणच लागते. दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या रांगा किनाऱ्यावरच उभ्या राहतात; तेथे खुर्च्या-छत्र्या मांडल्या की रापण थांबली.

सागरकिनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण भागातील ना-विकास पट्टा दाट वस्तीत भरतीरेषेपासून ५० मीटर, तर इतरत्र २०० मीटर ठरविला आहे. परंतु पाणंदी, होड्या ओढण्याच्या जागा आणि रापणीची पुळण यांची नोंद गाव नकाशावर अनेकदा नसते. संपादनाची अधिसूचना निघाल्यावर त्या दाखविणे उशिराचे ठरते. ग्रामपंचायतींनी भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून त्यांची मोजणी आधीच करून घ्यावी.