कळ मोजावी, वाटही मोजावी

पोरी, माहेरी आलीस ते बरं झालं. पहिलटकरणीच्या कानात येणारी-जाणारी प्रत्येक बाई काहीतरी ओतून जाते, म्हणून म्हटलं त्यांच्याआधी आपण बसावं. माझी आजी वाढोण्याची सुईण होती. हिमायतनगरला जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात. आजीच्या हाताखाली मी कंदील धरला, पुढं नर्सबाई झाले आणि मधल्या काळात स्वतः बाळंत झाले. तेव्हा मी सांगते त्यातलं निम्मं आजीचं, निम्मं दवाखान्याचं. दोन्हींचं जिथं जुळत नाही तिथं दवाखान्याचं ऐक.

पहिली गोष्ट कळांची नाही, वाटेची. आपण नांदेड जिल्ह्याच्या टोकाला. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, साधं बाळंतपण तिथं होतं. पण अडली-नडली, रक्त लागलं, पोट उघडायची पाळी आली, तर पुढची वाट धरावी लागते, आणि विष्णुपुरीचं मेडिकल कॉलेज गाठायला गाडीनं दीड-दोन तास जातात. आदिलाबादच्या लाइनवर आपलं स्टेशन आहे खरं, पण गाडीची वेळ बघून बाळ येत नसतं. म्हणून नववा लागला की घरात बसून ठरवून टाका: कुठं जायचं, कोणाच्या गाडीनं, बरोबर कोण, मागं घर कोण बघणार. रात्री दोन वाजता हे ठरवायला बसलं की भावाचं एक, मामाचं एक, आणि तोवर तास निघून जातो. बाई बहुतेक वेळा दुखण्यानं दगावत नाही, उशिरानं दगावते.

गाडी म्हणशील तर 108 आहे, 2014 पासून महाराष्ट्रात धावते, आत डॉक्टर असतो. गरोदर बाईसाठी 102 वेगळी. घरून दवाखान्यात नेणं, तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवणं, बाळासकट घरी आणून सोडणं हे सगळं फुकट आहे. औषध, रक्त, सिझेरियन, जेवण, त्याचेही पैसे सरकारी दवाखान्यात लागत नाहीत. 2011 पासूनचा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे हा, उपकार नाहीत कोणाचे. तरी एका खासगी गाडीवाल्याचा नंबर लिहून ठेवा, आणि तो नंबर वहिनीच्या मोबाईलमध्येही हवा. जावईबापूंचा फोन ऐनवेळी बंद असतो, हे मी सगळ्याच जावईबापूंबद्दल बोलते आहे.

आणि पावसाळा. आखाड-श्रावणात दिवस भरत असतील आणि घर तांड्यावर किंवा ओढ्यापलीकडच्या वाडीत असेल, तर आठ दिवस आधीच गावात नातेवाइकाकडं येऊन राहावं. ओढ्याला पाणी आल्यावर बाजेवर घालून खांद्यावरून आणलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यांना कळांपेक्षा त्या वाटेचीच आठवण राहिली. तुझे दिवस कापूस वेचणीत भरतायत, तुला रस्ता मोकळा मिळेल. माणसं मात्र सगळी रानात असतील, तेवढं ध्यानात ठेव.

आता कळा. खरी कळ पाठीत उठते, कमरेभोवतीनं पुढं येते, पोट दगडासारखं कडक होतं आणि मग सुटते. सुटल्यावर वाटतं, काही झालंच नव्हतं. तव्यावर भाकर असेल तर तू ती उलटशीलसुद्धा. खोटी कळ चाललं, कूस बदलली, तांब्याभर पाणी प्यालं की विरून जाते. खरी जात नाही. ती दर वेळी लवकर येते आणि जास्त टिकते. एक कळ सुरू झाली की वेळ बघायची, दुसरी सुरू झाली की परत बघायची. मधलं अंतर ते खरं अंतर. पहिल्या खेपेला पाच-पाच मिनिटांवर, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की दवाखान्यात असायला हवं. निघायला नव्हे, असायला. म्हणजे घर लांब असेल तर दहा मिनिटांचं अंतर असतानाच गाडी बोलवायची. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची बाई असेल तर कळा नियमित झाल्या की लगेच. तिचं बाळ वाट बघत नाही.

आजीकडं घड्याळ नव्हतं. माझ्या पहिल्या बाळंतपणात ती बाजेशेजारी बसून मला नको ते विचारत होती. गावातल्या परमेश्वराच्या जत्रेत काय घेतलं होतंस, सासरी म्हशी किती, नणंदेच्या पोरीचं नाव काय. मला राग आला होता, हिला आत्ता म्हशी सुचतात म्हणून. कळ आली की मी दात धरून उत्तर द्यायची. पहाटे कधीतरी नणंदेच्या पोरीचं नाव अर्ध्यातच तुटलं, पुढचं अक्षर तोंडातून निघेना. आजी उठली आणि आईला म्हणाली, आता वेळ झाली. कळेत बोलता येतंय तोवर अवकाश आहे, शब्द तुटला की नाही, हे मी तिच्याकडून शिकले, आणि पुढं नोकरीभर वापरलं. पहिलटकरणीला बारा तास, कधी त्याहूनही जास्त लागतात. तोवर चालावं, कमरेला तेलाचा हात फिरवून घ्यावा, पेज-पाणी घोट घोट घ्यावं, दर दोन तासांनी लघवीला जाऊन यावं. भरलेली लघवी बाळाची वाट अडवते.

काही बायका कळा सुरू झाल्या की एरंडेल पाजतात, ते घेऊ नको. आणि 'कळा वाढवायची सुई' घरी येऊन टोचणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच वाटेला लाव. ती सुई चुकीच्या वेळी पडली तर गर्भाची पिशवी फाटते, बाळ गुदमरतं. तेच औषध बाळ झाल्यावर दवाखान्यात मांडीत देतात आणि त्यानं रक्त थांबतं. औषध वाईट नाही, वेळ वाईट. बाकी घरातली कुलपं उघडायची, ट्रंकांची झाकणं उघडी टाकायची, केस मोकळे सोडायचे, हे आजी करायची ते खुशाल करू दे. त्यानं कोणाचं बिघडत नाही, आणि घरच्या बायकांच्या हाताला काम मिळतं.

आता काही गोष्टींत कळा मोजत बसायचं नाही, उठायचं आणि निघायचं. पाणमोट फुटली, पाणी गेलं, तर कळा नसल्या तरी निघ. किती वाजता गेलं ते ध्यानात ठेव आणि रंग बघ. हिरवट असेल तर बाळानं आत शी केलीय, ते जाऊन पहिल्यांदा सांगायचं. रक्ताची रेघ असलेला चिकट स्राव गेला तर घाबरू नको, ती वेळ जवळ आल्याची खूण. पण ताजं लाल रक्त वाहायला लागलं तर ती खूण नाही, धोका आहे. बाळाचं हलणं कमी झालं तरी तसंच. आणि डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडावर सूज, बरगडीखाली दुखणं, हे रक्तदाब चढल्याचं लक्षण. पुढं झटके येतात. झटके आलेल्या बाईच्या अंगात आलं म्हणून लिंबू उतरवत बसलेली घरं मी पाहिलीत. देवाला नंतर नारळ द्या, आधी गाडी.

तुझं रक्त किती आहे, मला आत्ता सांग. नाही माहीत? कार्डावर लिहिलेलं असतं. अकराच्या वर हवं. सातच्या खाली असेल तर मोठ्याच दवाखान्यात जायचं, कारण अशा बाईला बाळंतपणात जाणारं थोडं रक्तसुद्धा जास्त होतं. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर गिळू नको, फुकट जातात, लिंबूपाण्याबरोबर घे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, ती चुकवू नको.

पिशवी आजच भर. माता-बाल कार्ड, सोनोग्राफीचे कागद, आधार, पासबुक. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, असं असेल तर मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे 5000 रुपये अडकतात, ते आधी सरळ करून घे. जुनं मऊ लुगडं धुऊन, कडक उन्हात वाळवून, घडी घालून ठेव. बाळाला नवं कोरं कापड लागत नाही, स्वच्छ लागतं. आणि तुझ्या रक्तगटाची दोन माणसं कोण, ते भावाला शोधून ठेवू दे.

दवाखान्यात गेलीस की आत एक बाई बरोबर ठेव. प्रसूतीच्या खोलीत सोबतीण ठेवायला सरकारनं 2016 पासून मुभा दिलीय. वहिनी घाबरट आहे, तिला बाहेर बसव. मावशीला आत ने. काही ठिकाणी कळा देणाऱ्या बाईला टाकून बोलायची खोड असते. आपलं माणूस हात धरून उभं असलं की बोलणाऱ्यांची जीभ आवरते. ओरडावंसं वाटलं तर ओरड, त्यात लाज कसली. पण जोर सांगितल्याशिवाय लावू नको. पिशवीचं तोंड पुरतं उघडायच्या आधी जोर लावला तर तूच दमतेस आणि ऐनवेळी बळ उरत नाही. वरून पोटावर कोणी दाबायला लागलं तर सोबतिणीनं नको म्हणायचं.

एक अगदी बारीक गोष्ट, पण तिच्यापायी घोळ झालेले मला ठाऊक आहेत. बाळाचं डोकं खाली टेकलं की जोराची शौचाला लागल्यासारखं वाटतं. अशा वेळी एकटीनं शौचालयात जायचं नाही, कडी तर लावायचीच नाही. नर्सबाईला सांगायचं, मला लागलीय. ती बघेल काय लागलंय ते.

आणि वाटेतच बाळ आलं तर? गाडी बाजूला थांबवायची. ओढायचं काही नाही, ना बाळ ना वार. बाळ आपलं आपण येतं. खाली हात धरायचे, कोरड्या कापडानं चांगलं पुसायचं, पुसतानाच ते रडतं. मग आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवून दोघांवर पांघरूण घालायचं. नाळ तशीच राहू द्यायची, ब्लेड शोधत फिरायचं नाही, दवाखान्यात पोचल्यावर कापतील. पूर्वी वार पडेना की बाईच्या तोंडात तिचीच वेणी कोंबायच्या, उलटी आली की जोर लागून वार पडेल म्हणून. आजीनंही केलंय ते. त्यापेक्षा बाळाला छातीला लाव; बाळ ओढायला लागलं की पिशवी आपोआप आवळते.

बाळ झाल्यावर सगळे बाळाकडं धावतात. कोणीतरी एकानं तुझ्याकडं बघायचं, हे मावशीला बजावून ठेव. पहिले दोन तास खालचं कापड बघत राहायचं. तासाभरात घडी भिजून चिंब झाली, चक्कर आली, हातपाय गार पडले, तर लगेच हाक मारायची. 'बाळंतपणात रक्त जायचंच' हे वाक्य मी फार ऐकलं.

पहिल्या तासातच बाळाला पाजायला घे. तो पिवळसर चीक पिळून टाकू नको, बाळाची पहिली लस तीच. मध नको, गुळाचं पाणी नको, घुटी नको. आत्याबाईंनी सोन्याची अंगठी मधात बुडवून आणली तर अंगठी ठेवून घे, मध परत दे. पहिल्या दिवशी आंघोळ घालायची नाही. बेंबीला हळद, राख, तेल काही लावायचं नाही, कोरडी ठेवली की एक-दोन आठवड्यांत गळून पडते. बीसीजी, पोलिओचा डोस आणि काविळीची सुई घेऊनच घरी यायचं.

घरी आल्यावर खोली बंद करून, शेगडी पेटवून, तुला आणि बाळाला धुरात कोंडतील. शेक घे, पण धूर नको. निखारा बाहेर फुलवून आत आणायचा आणि खिडकी उघडी ठेवायची. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची आपल्याकडं फार खोड आहे. पाण्यानं पोट सुटत नाही. पाण्याशिवाय दूध येत नाही. तुपाची ज्वारीची भाकर, शेपू-मेथी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, सगळं खा, आणि डाळ-अंडी-फळंही खा. पाचवीला सटवाईपुढं कोरा कागद नि पेन ठेवतीलच. जन्माची नोंदही 21 दिवसांच्या आत करून घे, तोवर फुकट होते. पुढचे काही दिवस उगाच रडू येईल, ते येतं. पंधरा दिवसांनीही थांबलं नाही, बाळाला घ्यावंसंच वाटेना, तर माझ्याकडं ये किंवा नर्सबाईला सांग. नाटकं करते म्हणणाऱ्यांना सांगू नको.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येईल. ही रीत गडचिरोलीतून आली. तिथं डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावच्याच बायकांना घरी जाऊन बाळ तपासायला शिकवलं, तेव्हा त्या खेड्यांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. 1999 ला लॅन्सेटनं ते छापलं. तेव्हा आशाताई दारात आली की बाळ झोपलंय म्हणून परत पाठवू नको. बाळ उठव, दुपटं सोड, वजन करू दे, आणि बाळ दूध ओढतंय की नुसतंच निजून राहतंय, ते तिला खरं खरं सांग.