धुक्याच्या मुलखातली नोकरी

चि. बाळास,

ग्रेटर नोएडाच्या साइटवर तू रुजू झाल्याचं ताईने कळवलं. स्वेटर, कानटोपी, डिंकाचे लाडू तिने बांधून दिलेच असतील, तेव्हा तो विषय इथे नको. उत्तरेत थंडीइतकेच थंडीवरचे उपायही जीव घेतात, आणि नव्याने गेलेल्या माणसाला ते शहाणपणाचे वाटतात. हे पत्र त्यासाठी.

बांधकामावरचे मजूर बहुधा साइटलगतच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात. पारा ५-६ अंशांवर उतरला की घमेल्यात कोळसा पेटवायचा, ते आत ओढायचं, दाराच्या फटीत पोतं कोंबायचं आणि झोपायचं, ही तिकडची सर्रास रीत. तिकडे या शेगडीला अंगीठी म्हणतात. धूर सरला, निखारे लाल झाले की धोका टळला, असा समज असतो. पण त्या निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनची त्याच्याकडे ओढ ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त. त्यामुळे श्वास चालू असूनही रक्त रिकामंच फिरतं. जागा माणूस डोकेदुखी, मळमळ, चक्कर यांवरून सावध होऊ शकतो, झोपलेला नाही. हिवाळ्यात दिल्लीकडच्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या येतातच. मुंबई-पुण्यात बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसं जातात, तीही याच वायूने.

साइट इंजिनिअरने नुसती बंदी घातली तर अंगीठी लपवून पेटते, कारण कुडकुडणाऱ्याला झोप हवी असते. ठेकेदाराच्या मागे लागून जाड रजया आणवाव्यात आणि निजानीज होण्याआधी प्रत्येक अंगीठी बाहेर निघाली का, हे पाहायला एक जबाबदार माणूस नेमावा. वॉचमनची केबिन हमखास विसरली जाते.

थंडीवरचा उपाय म्हणून घेतलेल्या दारूचंही तेच. तिने कातडीकडचं रक्त वाढतं, ऊब वाटते, आणि शरीरातली उष्णता त्याच वाटेने बाहेर पडते. साइटवर आणखी एक जपावं: सकाळी दवाने ओल्या झालेल्या परांचीच्या फळ्यांवर ऊन येईपर्यंत कुणाला चढवू नये, मग स्लॅबचं वेळापत्रक काहीही म्हणो.

आता रस्ता. दृश्यता ५० मीटरच्या खाली गेली की हवामान खातं त्याला अतिदाट धुकं म्हणतं. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. चालकाला भान येऊन ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद गेला तर ३३ मीटर तिथेच सरले. पुढे थांबायला कोरड्या रस्त्यावरही आणखी ३५ लागतात. म्हणजे समोरचं वाहन दिसतं तेव्हा हिशेब आधीच चुकलेला असतो. ४० च्या वेगाने हेच अंतर पंचवीसेक मीटरवर येतं. यमुना एक्सप्रेसवेवर दर हिवाळ्यात वेगमर्यादा खाली आणतात ती यामुळेच.

तरी चालकांच्या युक्त्या सुटत नाहीत. अप्पर लावतात, धुक्याचे थेंब तो प्रकाश परत डोळ्यांवर फेकतात. चारही इंडिकेटर लावून गाडी हाकतात; मागच्याला ती उभी की चालती, हेच कळत नाही. ट्रकचा लाल दिवा धरून जाणारे तर त्या ट्रकवाल्याच्या नजरेवर जीव सोपवतात. शिवाय पश्चिम उत्तर प्रदेशातही आपल्या सांगली-कोल्हापूरसारखा उसाचा हंगाम याच दिवसांत असतो, आणि रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या तिथेही आहेत.

८ नोव्हेंबर २०१७ ला याच एक्सप्रेसवेवर धुरक्यात गाड्यांवर गाड्या आदळल्या. पहिल्या धडकेनंतर उतरलेली माणसं रस्त्यावर उभी आणि मागून गाड्या येतच आहेत, असं त्याचं चित्रण तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. अशा वेळी गाडी, सामान, भांडण सगळं तिथेच टाकून आधी कठड्यापलीकडे जायचं.

नोएडा ते ग्रेटर नोएडा मेट्रोची अॅक्वा लाइन २०१९ पासून चालू आहे. डिसेंबर-जानेवारीत मोटरसायकल खोलीवरच ठेव, मेट्रोने जा. आणि पोचल्याचा फोन ताईला पोचल्यावरच कर, वाटेत नाही.

तुझा,
मामा